ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत आणि मोबाईलमधली मराठी : सगळ्यांचं म्हणून जे असतं, ते सांभाळायचं कुणी?

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. विषय सॉफ्टवेअरचा आहे, पण संगणकातलं काही कळत नाही म्हणून पुढे सरकू नका. गावचा हरिनाम सप्ताह कसा उभा राहतो, वर्गणी कोण गोळा करतं, पंगतीचं कोण बघतं आणि रुसलेल्याला कोण मनवतं हे ज्याने जवळून पाहिलंय, त्याला यातलं सगळं कळणार आहे.

तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या तळाशी लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे. आपल्या भागातल्या ज्या न्यूज पोर्टलवर तुम्ही बातम्या वाचता, त्यांतली माझ्या ओळखीतली बहुतेक वर्डप्रेसवर चालतात. लग्नाचा व्हिडिओ बघायला संगणकावर जो व्हीएलसी प्लेअर टाकून घेता, तोही त्याच जातकुळीतला. ही सगळी 'ओपन सोर्स' सॉफ्टवेअर. म्हणजे काय? सॉफ्टवेअर ही संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांची वही असते. बहुतेक कंपन्या ती वही कुलपात ठेवतात आणि आपल्याला फक्त वापरायला देतात. ओपन सोर्समध्ये वही उघडी असते. कुणीही वाचावी, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी, नक्कल करून घरी न्यावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलावी, पुढे वाटावी.

ऐकायला छान वाटतं. पण वीस वर्षं जिल्ह्यातल्या सार्वजनिक कामांच्या बातम्या केल्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न वेगळाच येतो : मग ही वही सांभाळतं कोण? नळयोजनेच्या उद्घाटनाच्या फोटोत वीस जण असतात. दोन वर्षांनी मोटार जळाली की विचारायला एक माणूस सापडत नाही. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हा आपला रोजचा अनुभव. मग जगभरच्या उघड्या वह्यांचं तसं का झालं नाही? आणि जिथे झालं, तिथे काय घडलं?

याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जायच्या आधी गोदावरी ओलांडून पैठणला जाऊ.

शके १५०६

ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये पूर्ण झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे छापखाना नसलेल्या काळात तिच्या नकला होत गेल्या. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी, पारायण करावं, कीर्तनात सांगावी, कुणाची परवानगी लागत नव्हती. म्हणून तर ती गावोगाव पोचली. पण उतरवताना कुणाच्या हातून ओळ सुटली. कुणाला जुना शब्द कळला नाही, त्याने ओळखीचा घातला. आणि कुणाला वाटलं, इथे आपलीही एक ओवी शोभेल! जवळपास तीनशे वर्षांत एकाच ग्रंथाचे कितीतरी वेगवेगळे पाठ तयार झाले.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ ला, पैठणच्या एकनाथ महाराजांनी हे काम हाती घेतलं. वेगवेगळ्या प्रती मिळवल्या, पाठ ताडून पाहिले आणि शुद्ध प्रत तयार केली. शेवटी थोड्या ओव्या लिहून बजावून ठेवलं, की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घुसवेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी.

आता बारकाईने बघा. एकनाथांनी ज्ञानेश्वरी वाचायला, उतरवायला, सांगायला बंदी केली नाही. नवीन लिहायलाही केली नाही. त्यांनी स्वतः भागवताच्या एकादश स्कंधावर भलामोठा ग्रंथ लिहिला, पण तो वेगळा ग्रंथ म्हणून लिहिला. त्यांचं म्हणणं एवढंच, की तुझी ओवी तुझ्या नावावर चालू दे, ज्ञानेश्वरांच्या नावावर खपवू नको. आज संगणकाच्या जगात या कामाला 'मेंटेनर' असा शब्द आहे. आपण त्याला राखणदार म्हणू. वही उघडीच ठेवायची, पण अस्सल प्रत कोणती हे सांगायची जबाबदारी कुणीतरी घ्यायची, हे राखणदाराचं काम.

वही उघडी ठेवली नाही तर काय होतं, याचं उदाहरणही मराठीतच आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. 'लीळाचरित्र' म्हणजे मराठी गद्याचा केवढा मोठा ठेवा! पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला तो कित्येक शतकं ठाऊकच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या खटपटीतून ही लिपी उलगडली, तेव्हा कुठे ते दालन उघडलं. कुलूप लावल्यामुळे मजकूर जपला गेला, हे मान्यच करायला हवं. पण तो वापरात राहिला तो पंथापुरता.

तिसरी तऱ्हा आपल्या अंबाजोगाईत आहे. एकनाथांचेच समकालीन असलेल्या दासोपंतांची पासोडी. लांबलचक कापडावर लिहिलेलं 'पंचीकरण'. वस्तू म्हणून अनमोल, पण एकुलती एक. कापड विरत जातं आणि त्याच्याबरोबर अक्षरंही.

म्हणजे मजकुराच्या तीन गती झाल्या. कुलपात ठेवलेला, एकाच प्रतीत अडकलेला, आणि उघडा ठेवलेला. उघड्याला सगळ्यात जास्त आयुष्य मिळालं, पण त्यालाही तीनशे वर्षांनी राखणदार लागला. ओपन सोर्सचा सगळा इतिहास या एका वाक्यात बसतो.

एका प्रिंटरची गोष्ट

आता अमेरिका. १९८० च्या सुमाराला एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांच्या संगणकावर तसा निरोप जाईल, अशी सोय त्याने स्वतः करून ठेवली होती. नवीन प्रिंटर आला, त्याची वही मात्र कंपनीने दिली नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे ती होती. स्टॉलमनने मागितली, तर तो म्हणाला, मी कंपनीला कुणाला न देण्याचं वचन दिलंय.

बिघाड समोर दिसतोय, दुरुस्त करायची अक्कल आहे, पण हात लावायचा अधिकार नाही. कंपनीचा माणूस येईपर्यंत ट्रॅक्टर बांधावर उभा ठेवावा लागणाऱ्याला ही चीड समजावून सांगायला नको. २७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमनने जाहीर केलं, की सगळ्यांना मुक्त असेल अशी पूर्ण प्रणाली मी लिहिणार. १९८९ मध्ये त्याने एक परवाना तयार केला, जीपीएल. त्याची मुख्य अट साधी : ही वही घ्या, बदला, विकलीत तरी हरकत नाही, पण बदललेली वही पुढे देताना तीही उघडीच द्या. म्हणजे सामाईक विहिरीतून पाणी न्यायला कुणालाच मनाई नाही, पण विहिरीवर दार बसवून चावी खिशात घालता येणार नाही.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौस म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचं जगाला कळवलं. तीच लिनक्स. पुढच्या वर्षी त्याने ती जीपीएलखाली आणली. आज ती फोनपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे आहे.

उचल न देता टोळी कशी चालते?

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला इथे एक प्रश्न पडायलाच हवा. ऊसतोडीची टोळी बांधायची तर मुकादम उचल देतो. उचल घेतली की सहा महिने कोयता खाली ठेवता येत नाही. लिनक्सची टोळी तर हजारो माणसांची, वेगवेगळ्या देशांतली. त्यांतल्या बऱ्याच जणांना आज त्यांच्या कंपन्या पगार देतात, पण टोरव्हाल्ड्सने कुणाला उचल दिलेली नाही. उद्या कुणी निघून गेलं तर तो अडवू शकत नाही. मग हुकूम कशाच्या जोरावर चालतो?

हुकूम चालत नाहीच. चालते ती रीत. लिनक्सचे वेगवेगळे भाग वाटून दिलेले आहेत आणि प्रत्येक भागाला राखणदार आहे. कुणी दुरुस्ती पाठवली की आधी त्या भागाचा राखणदार तपासतो. चूक असेल तर सगळ्यांसमोर, कारण देऊन परत पाठवतो. पटली तर सही करून वर देतो. लिहिणाऱ्याची सही, पुढे पाठवणाऱ्याची सही, अशा सह्या चढत चढत दुरुस्ती टोरव्हाल्ड्सपर्यंत जाते. कोणती ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली याची नोंद ठेवायला त्याने २००५ मध्ये गिट नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. तलाठ्याची फेरफाराची वही असते ना, तसं. फरक एवढाच की ही वही बघायला खेटे घालावे लागत नाहीत. ज्ञानेश्वरीत कुणी परस्पर ओवी घातली हे शोधायला एकनाथांना प्रती ताडून पाहाव्या लागल्या. गिटमध्ये ओवी घालणाऱ्याचं नाव आणि वेळ तिच्याशेजारीच लिहिलेली सापडते.

तरी भांडणं होतातच. टोरव्हाल्ड्स बोलायला फटकळ, लोकांची कामं झाडताना त्यांनाही झाडायचा. चांगली माणसं दुखावून गेली. शेवटी सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, महिनाभर बाजूला झाला आणि त्याच वेळी प्रकल्पाने वागणुकीचे नियम स्वीकारले. काम उत्तम असूनही जिभेमुळे माणसं तुटतात आणि माणसं तुटली की काम थांबतं, हे सप्ताह कमिटीतल्या कुणालाही विचारा.

त्याच वर्षी जुलैमध्ये पायथन या भाषेचा जनक गुइडो व्हान रॉसम यानेही एका बदलावरून झालेल्या वादाला कंटाळून अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. जवळपास तीस वर्षं त्याचा शब्द शेवटचा होता. जाताना त्याने वारस नेमला नाही. तुम्हीच ठरवा, म्हणाला. लोकांनी अनेक पर्याय मांडून, मतदान घेऊन पाच जणांचं मंडळ निवडायची पद्धत ठरवली. पायथन बंद पडलं नाही. गादी रिकामी झाल्यावर मुलगा की पुतण्या या वादात आपल्याकडच्या किती संस्था बसल्या, ते तुम्हीच आठवून बघा.

आणि अजिबातच पटलं नाही तर? तर वाटणी. ओरॅकल कंपनीने सन ही कंपनी घेतली, तेव्हा तिच्याकडच्या ओपनऑफिस या सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांना भविष्याची धास्ती वाटली. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी वहीची नक्कल घेऊन लिब्रेऑफिस नावाने वेगळं घर मांडलं. आज लिब्रेऑफिस मराठीतही मिळतं. ही वाटणी आपल्या भाऊबंदकीपेक्षा वेगळी असते. शेत वाटलं की दोघांच्या वाट्याला निम्मं निम्मं येतं. वही वाटली की दोघांकडेही पूर्ण वही राहते, वाटले जातात ते राबणारे हात. म्हणून वाटणीचा हक्क सगळ्यांना असतो, पण शहाणी माणसं तो सहसा वापरत नाहीत. तो हक्क आहे एवढ्यानेच राखणदार नीट वागतो.

ही रीत आपल्याला परकी नाही. माउलींच्या पालखी सोहळ्याची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा तळ शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार आहे तिचे टाळ मात्र वाजत राहतात. मग तिचं ऐकून घेतलं जातं आणि तिथेच निवाडा होतो. तक्रार सगळ्यांसमोर मांडायची जागा ठरलेली, ऐकणारा ठरलेला, निकाल तिथल्या तिथे. ओपन सोर्स प्रकल्पांत चुका आणि तक्रारी नोंदवायची जी उघडी यादी असते, तिचं काम हेच.

आचार्य आणि आचारी

आता आपल्या मराठीकडे या. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आलं. त्याच काळात युनिकोड हे जगातल्या सगळ्या लिप्यांचं मानक तयार झालं आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. पण छपाईच्या धंद्यात खासगी कंपन्यांच्या फॉन्टांचं राज्य होतं. प्रत्येकाचा संकेत वेगळा. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले. तो फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

मी पत्रकारितेची पदविका घेऊन एका जिल्हा दैनिकात लागलो ते याच काळात. आमच्या सॉफ्टवेअरला संगणकाच्या मागे लावायचं एक छोटं कुलूप होतं, डाँगल म्हणायचो. डाँगल नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. ते दैनिक पुढे बंद पडलं, डाँगल कुठे गेलं माहीत नाही, कंपनीचा फोन लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळातल्या चारा छावण्यांच्या, टँकरच्या, गावोगावच्या बातम्या सीड्यांमध्ये पडून आहेत आणि त्या उघडल्या की चिवडा दिसतो. या जिल्ह्याचा दहा वर्षांचा इतिहास सकळ लिपीत जाऊन बसलाय. फरक इतकाच की महानुभावांनी लिपी विचार करून निवडली होती आणि ती वाचणारे जपले होते.

युनिकोडमुळे रस्ता मोकळा झाला, पण युनिकोड म्हणजे नुसतं अक्षरांच्या क्रमांकांचं कोष्टक. त्याप्रमाणे अक्षर काढणारा फॉन्ट कुणीतरी बनवावा लागतो. २००४ च्या सुमाराला रेड हॅट या कंपनीने भारतीय लिप्यांसाठी लोहित हे खुले फॉन्ट दिले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावातली लाल टोपी. कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळले. सुरुवातीला हिंदी, मराठी, नेपाळी यांचे वेगळे लोहित होते. पुढे ते एका लोहित देवनागरीत आले. चूक एकदाच दुरुस्त करावी लागते.

चुका कसल्या? आपल्या मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत एका अक्षराच्या आकाराचा फरक. पहिले शिकवणारे, दुसरे स्वयंपाक करणारे. हा 'ऱ्य' हिंदीत लागत नाही. हिंदी डोळ्यासमोर ठेवून कुणी फॉन्ट केला तर व्यासपीठावर बोलवायचे पाहुणे चुलीपुढे जाऊन बसतील. आपला 'ल' आणि 'श'ही हिंदीपेक्षा वेगळा दिसतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेची रूपं ठरवून दिली, तीही शेवटी फॉन्टात उतरवायला माणूस लागतो. ही चूक कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरला दिसणारच नाही. ती दिसते गेवराईच्या मास्तरला, अंबाजोगाईच्या प्रूफ तपासणाऱ्याला. ओपन सोर्समध्ये त्याने ती नोंदवायची सोय असते. समाज म्हणतात तो हाच. कोड लिहिणारे थोडेच असतात. चूक दाखवणारे, भाषांतर करणारे, नवख्याला समजावून सांगणारे जास्त लागतात आणि त्यांच्याशिवाय कोड लिहिणारा आंधळा असतो.

२०११ मध्ये लोहितचा परवाना बदलून ओएफएल हा खास फॉन्टांसाठीचा खुला परवाना आला. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हा सुंदर फॉन्टही याच परवान्याखाली आहे. त्यात एक कलम आहे. फॉन्ट घ्या, बदला, वाटा. पण मूळ निर्मात्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव द्यायचं नाही. वाचल्या वाचल्या मला पैठण आठवलं. तुझी ओवी तुझ्या नावावर. चारशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या संताने ओव्यांत सांगितलेली गोष्ट वकिलांनी इंग्रजीत लिहून काढलीय.

सॉफ्टवेअर नाही, पण याच रीतीने चालणारं मराठीतलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे मराठी विकिपीडिया. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथले शब्द बघा. चर्चा जिथे होते ती 'चावडी', मत मागायचं तर 'कौल', देखरेख करणारे 'प्रचालक'. प्रत्येक पानाला 'इतिहास', त्यात कुणी कोणता बदल केला ते सगळं दिसतं. ही माणसं बिनपगारी काम करतात. वाचतात लाखो, सांभाळणारे मात्र एका दिंडीएवढेही नसतील.

एकट्या माणसाची विहीर

आणि खरी काळजी इथेच आहे. मार्च २०२४ मधली गोष्ट. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. जगातल्या असंख्य सर्व्हरांवर असतं. ते फिनलंडमधला एक माणूस वर्षानुवर्षं एकटा, बिनपगारी सांभाळत होता. थकला होता, मानसिक त्रास होता, तसं त्याने उघडपणे लिहिलंही होतं. काही अनोळखी नावं त्याच्या मागे लागली : काम वेगाने का होत नाही, दुसऱ्या कुणाला तरी हाताशी घे. त्याच वेळी एक मदतनीस पुढे आला. दोन वर्षांहून जास्त काळ त्याने चांगलं काम केलं, विश्वास कमावला, किल्ल्या हातात आल्या. मग त्याने वहीत चोरदरवाजा बसवला.

आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो त्याचा माग काढत गेला आणि २९ मार्चला त्याने जगाला सावध केलं. तो मदतनीस खरा कोण होता, हे आजवर उघड झालेलं नाही. थोडक्यात निभावलं.

या गोष्टीचे दोन अर्थ काढतात. एक, उघड्या वहीत कुणीही घुसू शकतो. दोन, वही उघडी होती म्हणूनच चोर सापडला. दोन्ही खरे आहेत. पण मला तिसरी गोष्ट मोठी वाटते. मोठमोठ्या कंपन्या त्या विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं पीत होत्या आणि रहाट ओढणाऱ्या एकट्या माणसाला दम लागलाय, हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते चोराने.

राखणदाराच्या पोटाचं काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय बाकी सगळं भाषण आहे. काही वाटा निघाल्यात. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेल्या फ्रॅपे या कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, माल, कामगार, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएलखाली खुलं ठेवलंय. कुणीही फुकट घ्यावं. कंपनी कमावते ती ते चालवून देण्याचे आणि मदतीचे पैसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये झेरोधा या दलाली कंपनीने जगभरच्या खुल्या प्रकल्पांना वर्षाला दहा लाख डॉलर द्यायचा निधी जाहीर केला. आणि सरकारने मनावर घेतलं तर काय होतं हे केरळात दिसतं. तिथल्या सरकारी शाळांमध्ये अनेक वर्षांपासून संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण मिळतं. मल्याळी फॉन्ट आणि साधनं करणारी स्वयंसेवकांची चळवळ २००२ पासून तिथे टिकून आहे.

आपण काय करायचं?

केंद्र सरकारने २०१५ मध्येच धोरण केलंय, की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यावं. त्याच वर्षी, सरकारी पैशातून बनलेल्या सॉफ्टवेअरची वही खुली करण्याचंही धोरण आलं. तेव्हा जिल्हा परिषद, नगरपालिका, बाजार समिती, पतसंस्था यांच्यातल्या निवडून आलेल्या मंडळींना माझं मागणं आहे. पुढच्या वेळी सॉफ्टवेअरचं टेंडर निघेल तेव्हा तीन प्रश्न सभेत विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. वही कुणाच्या मालकीची राहणार? ठेकेदार गेला तर आमची माहिती साध्या, कुठेही उघडणाऱ्या स्वरूपात आमच्याकडे राहील का? आणि पहिल्या वर्षानंतर ते सांभाळणार कोण, त्याचे पैसे कुठून? या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते सॉफ्टवेअर म्हणजे दुसरी नळयोजना समजा.

जिल्ह्यात संगणक शिकवणारी कॉलेजं आहेत. शेवटच्या वर्षाला पोरं कुठून तरी प्रोजेक्ट विकत आणून जमा करतात, हे प्राध्यापकांनाही माहीत आहे. त्याऐवजी एखाद्या खुल्या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर तपासा, दहा चुका नोंदवा, एक दुरुस्त करून ती स्वीकारली जाईपर्यंत पाठपुरावा करा. नोंद कायमची त्या पोराच्या नावावर राहते. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला यापेक्षा चांगलं काय आहे? मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचं पान उघडून बघा. दोन ओळींचं असेल तर गावची वेस, बारव, जत्रा, शाळा यांची पुराव्यासह माहिती घाला. पुराव्याशिवाय घातलीत तर चावडीवर कुणीतरी हटकेल. हटकू द्या. तो तुमचा शत्रू नाही, राखणदार आहे.

आणि माझं स्वतःचं एक काम. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं मराठी स्वयंसेवकांनी केलेली आहेत. सगळे फॉन्ट त्यात नाहीत. ज्यांचं कोष्टक नाही त्यांचं एक एक अक्षर जुळवून तयार करावं लागतं. चिकाटीचं काम आहे, फार बुद्धीचं नाही. आमच्या दैनिकाच्या फॉन्टचं कोष्टक मी जुळवायला घेतलंय, जोडाक्षरांवर अडलोय. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी, कुठल्याही जुन्या दैनिक-साप्ताहिकाच्या मालकांकडे, ऑपरेटरांकडे पेजमेकरच्या फायलींच्या सीड्या असतील तर रद्दीत घालू नका, मला कळवा. कुणाच्या कपाटात जुनं चालू डाँगल निघालं तर सोन्याहून पिवळं. कोष्टक पूर्ण झालं की ते खुल्या परवान्याखाली ठेवणार आहे, आणि सोबत आणखी दोघांची नावं राखणदार म्हणून लिहायची आहेत. ती दोघं कोण, हे अजून ठरायचंय.